रुग्णाशी नाते : मित्र

मुंबईतील शिवाजी पार्कवर ३ डिसेंबर २०२४ रोजी क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्या समारंभात विनोद कांबळी यांनी सचिन तेंडुलकर यांचा हात धरला आणि तो सोडायला ते तयार होईनात. ही चित्रफीत दोन दिवसांत घरोघरी पोहोचली. कांबळी यांची प्रकृती किती ढासळली आहे हे त्यातून न सांगता कळत होते. पुढे तीन आठवड्यांच्या आत, २१ डिसेंबरला, त्यांना आपल्याच ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळच्या एका खाजगी इस्पितळात दाखल करावे लागले. मेंदूत रक्ताच्या गाठी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. १ जानेवारी २०२५ रोजी ते तेथून बाहेर पडले.

या काळात लोकलच्या डब्यात आणि मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारातही एकच प्रश्न ऐकू येत होता : एवढा मोठा बालमित्र असताना तो मदत का करीत नाही? फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली होती. त्या डावात कांबळी यांच्या ३४९ आणि तेंडुलकर यांच्या ३२६ धावा होत्या. ती जोडी लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, एकाच्या दुखण्याचा हिशेब दुसऱ्याकडे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे असे सर्वांना वाटू लागले. २००९ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात कांबळी यांनी स्वतःच, मित्राने आपल्यासाठी आणखी काही करायला हवे होते, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. त्यामुळे या बोलण्याला आयते निमित्तही मिळाले.

पण त्यानंतरची हकीकत वेगळी आहे. २०१३ साली आपल्यावर मुंबईत दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांचा खर्च सचिनने केला, असे कांबळी यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे एका मित्राने दुसऱ्याचे बिल भरल्याची लोकांना फारशी कल्पना नव्हती आणि लोक ते न भरल्याबद्दल त्याला दोष देत होते. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये ही शिकवण आपण रविवारी ऐकतो आणि सोमवारी दुसऱ्याच्या दानाची जाहीर पावती मागतो.

या प्रकरणातील आणखी दोन मदती आम्हाला अधिक बोलक्या वाटतात. पहिली मार्कस कुटो यांची. ते माजी पंच आणि कांबळी यांचे जुने स्नेही. २०२४ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांना सांगितले की, कांबळी चौदा वेळा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आले आहेत आणि त्यांपैकी तीन वेळा आम्हीच त्यांना वसईला नेले. चौदापैकी प्रत्येक वेळी कोणीतरी समजूत घातली असेल, गाडी आणली असेल, आणि पुन्हा तेच घडल्यावर पुन्हा दार ठोठावले असेल. दुसरी मदत सुनील गावसकर यांची. त्यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या चॅम्प्स फाउंडेशनने एप्रिल २०२५ पासून कांबळी यांना दरमहा ३० हजार रुपये आणि औषधोपचारासाठी वर्षाला आणखी ३० हजार रुपये आजन्म देण्याचे ठरविले. रक्कम फार मोठी नाही. मात्र ती दर महिन्याला येणार आहे आणि तिच्यासाठी दर वेळी हात पसरावा लागणार नाही. कांबळी यांनी २०२२ मध्ये सांगितल्याप्रमाणे क्रिकेट मंडळाचे ३० हजारांचे निवृत्तिवेतन हेच त्यांचे उत्पन्न होते. त्या घरात या नियमित रकमेची किंमत एकरकमी लाखांपेक्षा अधिक असणार, असे आमचे मत आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या मित्रांत सचिन नाही आणि गावसकरही नाहीत. परंतु मीरा-भाईंदर हे मित्रांच्या आधारावर जगणारे शहर आहे. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. दहा वर्षांत ती ८ लाख ९ हजारांवर गेली. यातील बहुसंख्य कुटुंबे मुंबईतील चाळींतून, कोकणातून, गोव्यातून, मंगळूरहून आणि उत्तरेकडून येथे आली. त्यांचे काका-मामा दूर राहिले. जवळ उरला तो शाळेतला, कारखान्यातला किंवा त्याच इमारतीतला मित्र. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या मूळ गावांत नात्यांचे जाळे अजून दाट आहे. तरीसुद्धा तेथेही एकाच होडीवर तीस वर्षे गेलेला सोबती सख्ख्या भावापेक्षा जवळचा ठरल्याची उदाहरणे कमी नाहीत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात घरात दुखणे आले, तर त्या सोबत्याच्या घरीही पैसा नसतो, हे त्यातील दुःख.

अशा मित्राला कर्करोग झाला, मूत्रपिंडे निकामी झाली किंवा हृदयाची मोठी शस्त्रक्रिया सांगितली की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? पैसे गोळा करायला निघतो. आमच्या मते हीच घाई सर्वांत महाग पडते.

भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, असे केंद्राचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. म्हणजे आता बऱ्याच उपचारांचे पैसे भरणारी दुसरी व्यवस्था अस्तित्वात आहे, फक्त तिच्यापर्यंत पोहोचावे लागते. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. जुलै २०२४ पासून ती उत्पन्नाची अट न ठेवता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू झाली आणि तिचे संरक्षण दीड लाखावरून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. पांढरी शिधापत्रिका असलेले आमचे अनेक वाचक अजूनही ही योजना फक्त गरिबांची समजतात. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उत्पन्न न पाहता ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे.

पण या योजनांचे एक शिस्तशीर वेळापत्रक असते. इस्पितळ योजनेत सामील असावे लागते. आजार आणि उपचार यादीत असावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी घ्यावी लागते. हे सारे इस्पितळातील आरोग्यमित्राच्या खिडकीवर होते. योजना रोकडविरहित असल्यामुळे आधी पैसे भरून टाकले आणि मागाहून शिधापत्रिका दाखविली, तर ते पैसे परत मिळण्याची आशा धरू नये. मित्रांनी रात्रीत जमविलेले दोन लाख सकाळी भरून टाकले म्हणून पाच लाखांचा दरवाजा बंद झाला, असे होऊ शकते. म्हणून मित्राने पैशाआधी शिधापत्रिका शोधावी.

दुसरा दरवाजा धर्मादाय इस्पितळांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा इस्पितळांसाठी एक योजना लागू झाली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखणे, तसेच बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता जीव वाचविणारे उपचार सुरू करणेही बंधनकारक आहे. मुंबईतील कित्येक नामांकित, चकचकीत इस्पितळे या कक्षेत येतात. मग ती उद्योगपतींच्या ट्रस्टची असोत वा आपल्या ख्रिस्ती संस्थांची. प्रवेशद्वारावर हा हक्क मोठ्या अक्षरांत लिहिलेला आढळत नाही. तो विचारावा लागतो, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पुढे करावी लागते. तापाने फणफणलेल्या माणसाला किंवा त्याच्या रडवेल्या पत्नीला हे जमत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातही वैद्यकीय समाजसेवा विभागाची पायरी चढायला कोणीतरी धडधाकट माणूस सोबत हवा. आमच्या मते मित्राचे पहिले काम हे आहे.

हे काम करताना मित्राला एक विचित्र अनुभव येतो. इस्पितळाच्या अर्जावर ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. त्यात ‘मित्र’ लिहिले की खिडकीपलीकडचा माणूस मान वर करून पाहतो. त्या कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण देशाचे कायदेही तशाच नजरेने पाहतात.

आयकराचे उदाहरण घ्या. काका, मावशी, मेहुणा यांनी उपचारासाठी दहा लाख दिले तरी त्यावर कर नाही. मात्र नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली की ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. मित्र या दुसऱ्या गटात मोडतो. आपल्या बाप्तिस्म्याचे धर्मपिता आणि धर्ममाता यांनाही कायदा परकेच समजतो. ज्याचे एकूण उत्पन्न करपात्र नाही त्याला याची झळ बसणार नाही. परंतु पगारदार मध्यमवर्गीयाला ती बसू शकते, आणि मित्रांकडे मदत मागण्याची पाळी नेमकी त्याच्यावर येते. गंमत अशी की, लग्नात मित्रांनी दिलेल्या आहेरावर, तो कितीही मोठा असो, कर लागत नाही. कोविडच्या उपचारासाठी कोणाही व्यक्तीकडून मिळालेल्या मदतीलाही करमाफी देण्यात आली. म्हणजे लग्न आणि कोविड या दोन प्रसंगी सरकारला मैत्री मान्य आहे, कर्करोगाच्या प्रसंगी नाही. या विसंगतीकडे आपल्या लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधायला हरकत नाही. तोपर्यंतचा व्यवहार्य मार्ग असा की, मोठी रक्कम जमणार असेल तर ती आयकर खात्याकडे रीतसर नोंदलेल्या धर्मादाय ट्रस्टमार्फत द्यावी, कारण अशा ट्रस्टच्या मदतीला ही ५० हजारांची अट लागू नाही. रक्कम उसनी दिली असेल तर तसे लिहून ठेवावे. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख उसनी घेणे आयकर कायद्यात बसत नाही, तेव्हा ती बँकेतूनच द्यावी.

अवयवदानाचा १९९४ चा कायदाही असाच. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे हे ‘जवळचे नातेवाईक’. जिवंतपणी मूत्रपिंड द्यायला मित्र पुढे आला तर प्राधिकार समितीपुढे त्याला आपली आपुलकी खरी असल्याचे सिद्ध करावे लागते. ही कडकपणाची भिंत आम्हाला योग्य वाटते. मूत्रपिंडांचा बाजार या देशाने पाहिला आहे आणि मैत्रीचे नाव घेऊन गरिबाचा अवयव विकत घेणे कठीण नाही. येथे कायद्याचा संशय रुग्णाच्या विरुद्ध नसून दलालाच्या विरुद्ध आहे.

रेल्वे मात्र नाते विचारत नाही. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाच्या तिकिटात जी सवलत मिळते, तीत सोबतच्या एका माणसालाही वाटा असतो. तो भाऊ आहे की मित्र, याच्याशी रेल्वेला कर्तव्य नाही. आम्हाला या छोट्या नियमात मोठे शहाणपण दिसते.

सोबत हीच खरी दुर्मीळ वस्तू आहे. डायलिसिस आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. वर्षाला शंभर ते दीडशे फेऱ्या होतात. किरणोपचार असले तर आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. उत्तनहून बसने भाईंदर स्थानक, तेथून लोकल, दादरला किंवा प्रभादेवीला उतरून परळपर्यंत चालणे. हा प्रवास निरोगी माणसालाही थकवितो. पहिल्या आठवड्यात पंधरा मित्र फळे घेऊन येतात आणि तिसऱ्या महिन्यात दोन उरतात. चार मित्रांनी वार वाटून घेतले आणि वर्षभर पाळले, असे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यांनी एक साधी वही केली होती. तिच्यात तारीख, तपासणी, डॉक्टरांनी काय सांगितले, कोणती पावती कोणाकडे, पुढची तारीख, हे सारे असे. पुढच्या वेळी वार बदलला तरी नवा सोबती कोरा नसे. त्या वहीने किती पैसे वाचविले ते सांगता येणार नाही, पण एकच तपासणी दोनदा करण्याची पाळी आली नाही. औषधांच्या बाबतीतही विचारणारा माणूस हवा. केंद्राने २०१९ साली ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही एकाच औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या किमतींत मोठा फरक असतो. डॉक्टरांना ‘यात स्वस्त पर्याय चालेल का’ असे विचारायला रुग्ण संकोचतो. मित्राने विचारावे.

पैशाबद्दल बोलायचे तर मित्राने आपला आकडा आरंभीच ठरवावा, तो घरात पत्नीला किंवा पतीला सांगून ठरवावा, आणि रुग्णाच्या कुटुंबालाही सांगावा. ‘काळजी करू नकोस, आम्ही आहोत’ हे वाक्य ऐकायला गोड असते, पण बिल भरणाऱ्या घराला त्याचा हिशेब मांडता येत नाही. ‘दर महिन्याला पाच हजार, एक वर्ष’ या वाक्याचा मांडता येतो. दुसऱ्याच्या आजारासाठी स्वतःच्या घराचे दागिने गहाण टाकून मग मनात कुढणारे मित्रही आहेत. त्यांच्या त्यागाबद्दल आदर राखूनही आम्ही म्हणू की, अशा मदतीचा शेवट पुष्कळदा मैत्री तुटण्यात होतो. घेणाऱ्याला मिंधेपणा नको असतो. शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाने रक्कम जखमीच्या हातात ठेवली नाही. त्याने ती धर्मशाळेच्या चालकाकडे दिली आणि पुढचा खर्च परतताना देईन असे सांगितले. इस्पितळाच्या खात्यात थेट पैसे भरणारा मित्र तीच रीत पाळतो.

अलीकडे संगणकावरून वर्गणी गोळा करण्याची प्रथा रुळली आहे. मिलाप आणि केटो या भारतीय संस्थांची नावे आमच्या वाचकांना अपरिचित नसतील. अनेकांना त्यांतून खरी मदत मिळाली आहे. तरी दोन गोष्टी पाहाव्यात. जमलेल्या रकमेतून कोणते शुल्क कापले जाते ते आधी विचारावे. आणि रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय लावू नये. नाकात नळी घातलेल्या माणसाचे चित्र व्हॉट्सअॅपवर फिरते तेव्हा त्याच्या मुलांच्या शाळेतही ते पोहोचते. कांबळी यांच्या लडखडत्या पावलांच्या चित्रफिती ज्यांनी पुढे ढकलल्या, त्यांतील किती जणांनी एक रुपया दिला असेल? मित्राने अशा वेळी आड उभे राहावे.

आपल्या धर्मग्रामांनी यात काय करावे, हाही प्रश्न आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसमवेत जी मंडळी उभी केली, तीच पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. तिची जुनी पद्धत म्हणजे दोघादोघांनी घरी जाऊन भेटणे. भाईंदर, मीरा रोड, काशीमीरा, डोंगरी, उत्तन येथील धर्मग्रामांत पैशापेक्षा या जोडीची उणीव अधिक आहे, असे आमचे निरीक्षण आहे. एका रविवारी वेदीवरून आवाहन होते, पेटी फिरते, आणि पुढच्या रविवारी दुसरे आवाहन येते. ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनी विशेष मिस्सा होते, ते योग्यच आहे. त्याच दिवशी प्रत्येक धर्मग्रामाने शासकीय योजना, धर्मादाय खाटा आणि लागणारे दाखले यांची माहिती असलेल्या दोन-तीन माणसांची नावे सूचनाफलकावर लावली, तर पुढच्या रुग्णाच्या मित्राला पहिल्या रात्री कोणाचे दार ठोठवायचे ते कळेल. निवृत्त परिचारिका, बँकेतील माणसे, तहसील कचेरीची वाट माहीत असलेले लोक आपल्यात भरपूर आहेत.

राहता राहिला तो ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना. त्याचे उत्तर आपल्या कायद्यांतच एके ठिकाणी तयार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कोणीही सज्ञान व्यक्ती आपल्यासाठी एक नियुक्त प्रतिनिधी नेमू शकते. तो रक्ताचा नातेवाईक असण्याची अट नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरते. हीच मुभा कर्करोगाच्या, मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या रुग्णाला इस्पितळाच्या खिडकीवर मिळावी, अशी मागणी करायला आपल्याला कोणी अडविलेले नाही. तोवर निदान इतके करता येईल : आपण धडधाकट आहोत तोपर्यंत शिधापत्रिका, आधार आणि विम्याचे कागद कोठे आहेत ते घरच्यांखेरीज एका मित्रालाही दाखवून ठेवावे, आणि आपल्या गैरहजेरीत डॉक्टरांनी त्याच्याशी बोलावे असे दोन ओळींत लिहून, घरच्यांच्या देखत, तो कागद त्याच फाइलमध्ये लावावा.